पोहे, मोडेम आणि पुण्याचं स्थळ

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसमतला माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि इंटरनेटचं सगळ्यात स्वस्त खातं. त्यात चित्रं येत नसत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, मग पानातली अक्षरं तेवढी ओळीओळीनं उतरायची. मला त्याचं काही वाटत नसे. वाचायला अक्षरं पुरतात.

त्याच सुमारास थोरल्या बहिणीला पुण्याचं स्थळ आलं. ती हट्टा गावच्या शाळेत शिक्षिका. मुलगा मूळचा आमच्याच भागातल्या डोंगरकडा गावचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. फोटो मागितला तर मध्यस्थ म्हणाले, "इंटरनेटवर हाय की. पोराचं सोताचं पान हाय." फोटो पाहिल्याशिवाय होकार देणार नाही, असं बहिणीनं घरी बजावलं होतं. माझ्याकडं चित्र दिसत नाही, हे मी सांगून पाहिलं. पण घरात माझं कोण ऐकतं? रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून, डब्यात पोहे घेऊन क्लासवर हजर. मुलगा पाहायचा म्हणजे पोहे आलेच. वडील बाकावर टेकले. पडद्यासमोरच्या खुर्चीत मात्र बहीण बसली आणि ते मला आवडलं.

मोडेम किंचाळला, पान उतरलं. फोटोच्या जागी चौकोनी कंसात एकच शब्द होता, इमेज.

"फोटो कुठंय?" वडिलांनी विचारलं.

"इथं येत न्हाई. नुसती अक्षरं येतेत."

"मग आमाला काहून बोलावलंस?"

मी बोलावलं नव्हतं. आईनं पोह्यांचा डबा उघडला.

बहीण वाचत होती. शिक्षण, नोकरी, क्रिकेट, आवडते पदार्थ. मी औरंगाबादचा, असं त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. तिनं पान शेवटपर्यंत खाली नेलं, परत वर आणलं.

"डोंगरकड्याचं नाव कुठंच न्हाई," ती म्हणाली.

"जगातले लोक वाचतेत ते," वडील म्हणाले. "त्यायला डोंगरकडा काय कळणार?"

तिनं पान परत औरंगाबादच्या ओळीवर आणून थांबवलं. फोटो दिसला असता तर त्या ओळीकडं आमच्यापैकी कुणीही पाहिलं नसतं, तिनंसुद्धा नाही, असं मला अजून वाटतं.

पुढं मध्यस्थांनी फोटो टपालानं पाठवला. मुलगा खरंच देखणा होता. आईनं तो उजेडात नेऊन पाहिला, शेजारच्या चाचींना बोलावून दाखवला. "लडका तो अच्छा है," चाचींनीही कौल दिला. सगळं जमल्यात जमा होतं. मग फोटो बहिणीच्या हातात आला. तिनं तो निवांत पाहिला.

"दिसायला चांगला हाय," ती म्हणाली. "पण बाबा, उद्या तिकडं कुणी इचारलं, तर मला कुठली म्हणून सांगंल त्यो?"

वडिलांनी फोटो तिच्या हातातून घेतला. त्या मुलाचा त्यांना राग आला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो परत पाठवला.