वरनं पडणारे खडे

चार माणसं एका छताखाली राबायला लागली, की किस्से रद्दीसारखे साठत जातात. कोल्हापुरातल्या आमच्या छापखान्याचे तर पोत्यानं हायत. त्यातले हे खड्यांच्या गेमचे.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मालक अण्णांनी कॉम्प्युटर घेतला आणि मला त्यावर बसवलं. जन्मभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे गणीचाचा मात्र माऊसला हात लावीनात. अण्णांनी तोडूनच सांगितलं, दिवाळीपर्यंत शिका, नाहीतर घरी बसा. चाचांचा चेहरा उतरला. त्या वयात दुसरं काम कोण देणार?

मग माऊसवर हात बसावा म्हणून मी त्यांना गेम लावून दिला. शेजारचे दोन खडे अदलाबदल करायचे, एका रंगाचे तीन ओळीत आले की गायब, वरून नवे पडतात. पहिली ओळ जुळली आणि चाचांनी माऊस सोडला.

"गेलं कुठं खडं, पोरी?"

छपाई झाली की एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा, हा त्यांचा धर्म. मी म्हटलं, संपले ते.

"संपलं कसं? खणात कोण टाकणार?"

त्या दिवशी पुढं खेळलेच नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी आपणच आले. वरनं पडत्यात न्हवं, मग चालतंय की, म्हणाले. आणि मग सुटेनात! "एवढी एक ओळ" करता करता चहा गार व्हायचा. चाल सुचली नाही की गेम एक खडा चमकवून दाखवी. चाचा चिडायचे, "मला दिसलं हुतं. ह्यो कशाला मधी बोलतोय?"

*

गारगोटीचे एक पावणं लेकीच्या लग्नपत्रिका न्यायला आले आणि चाचांच्या मागं उभे राहून चाली सांगत बसले. या गेमचं दुखणंच ते, मागच्याला चाल आधी दिसते. शेवटी एसटी गाठायला पळाले. पत्रिका टेबलावरच!

*

अण्णांनी गेमवर बंदी घातली. दुपारी आम्हाला जेवायला पिटाळून दार लावून घेतलं. आतून खडे पडल्याचा खळखळ आवाज. स्पीकर बंद करायचा राहिला होता. चाचा दाराशी वाकून शांतपणे म्हणाले, "मालक, दमानं. घाई केली की चाल संपती."

*

दिवाळीच्या आधी चाचांनी माऊसनं अख्खी लग्नपत्रिका लावली. अण्णांनी माझ्या शेजारी चाचांसाठी दुसरी खुर्ची आणून ठेवली.

त्याच महिन्यात खिळे भंगारात निघाले. चाचांनी स्वतःच्या हातानं एकेक खण रिकामा केला. टेम्पो गेला तरी ते तिथंच उभे, मान वर करून.

चहा आलाय, मी हाक मारली.

"थांब पोरी," चाचा म्हणाले, "वरनं काय पडतंय का बघतोय."