टेपमध्ये बसलेली माणसं

गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे किस्से जास्त साठतात. गाणं तासाभरात संपतं हो, पण त्यावरची भांडणं कुठं संपतात! माझं कोल्हापूरच्या शाहूपुरीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. शिक्षण सातवी, तीही गुरुजी कंटाळले म्हणून पास. रविवारी सकाळी कुलकर्णी मास्तर आणि पाटील वकील येतात. जुन्या टेपा, नव्या सीडी, मोबाईलवरचं गाणं, सगळं ऐकायचं. मग मास्तर एका साप्ताहिकात परीक्षण लिहितात. मी चहा आणि खोड्या पुरवतो.

*

एकदा मी एकच टेप दोनदा लावली. आधी म्हटलं, "हे जुन्या जमान्यातले थोर बुवा." वकील डोळे मिटून डोलले. मग म्हटलं, "आता हा नवा पोरगा, कागलच्या एमआयडीसीत कामाला हाय." वकिलांचं तोंड लगेच वाकडं! "आवाजाला मशीनच्या तेलाचा वास येतोय!"

मी हसून हसून लोळलो. मास्तरांनी मात्र टेपकडं बोट केलं.

"बंडू, टेप तीच. पण आत्ता खोकला एक जास्त होता."

मी परत लावली. आणखी एक वाढला!

*

मास्तर गाण्यापेक्षा श्रोतेच कान देऊन ऐकतात. त्याला कारण आहे. त्यांच्या सौभाग्यवती, सुशीलावहिनी, कोल्हापुरातली एकही मैफल चुकवायच्या नाहीत. आता त्या नाहीत, आणि घरात त्यांचा आवाज कशातच राहिलेला नाही. "कुठल्या तरी टेपमध्ये ती बसलेली असणारच," मास्तर म्हणतात. एवढ्यासाठी ही परीक्षणं!

संपादक एकदा वैतागला. "मास्तर, गायकावर दोन ओळी, अन् खोकणाऱ्यांवर पानभर?"

*

पेठ वडगावच्या एका माळ्यावरून टेप आली. मैफल फार जुनी. समेवर मागून कुणीतरी ओरडलं, "क्या बात है, पाटील वकील!"

वकील पांढरेफटक. "अरं, तवा मी पाळण्यात होतो!"

"वडलांना म्हटलं असंल," मी म्हणालो.

"वडील शेती करायचे!"

मी म्हटलं, "मग मान तरी हलवा की. इतकी वर्षं खोळंबलाय माणूस!"

वकिलांनी खरंच मान हलवली. टेपमधून समाधानानं आवाज आला, "हां!"

*

शिरोळची टेप पुरात भिजलेली. वाळवली, लावली. गाणं धुऊन गेलेलं, तबला, पेटी, सगळं गेलेलं. राहिले फक्त श्रोते. टाळ्या, खोकले, बांगड्या, कुणाचं तरी जांभई देणं. मास्तर कान लावून शेवटपर्यंत बसले. वहिनी नव्हत्या.

परीक्षण एकाच ओळीचं आलं. "मैफल रंगली, कलाकार अनुपस्थित."

*

मास्तर खंगायला लागले तसं मी वकिलांना म्हटलं, "कुणा बाईकडनं दोन शब्द बोलवून घेऊ, टेपमध्ये घालू. तेवढंच समाधान."

वकील म्हणाले, "जन्मभर संसार केलाय त्यांनी. फसतील व्हय?"

खरं होतं. सगळ्या गावाला टोप्या घातल्या, ही एक राहू दिली.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. आपल्याकडच्याच एका पोरीनं पुण्यात, बंद स्टुडिओत, नवं रेकॉर्डिंग केलं. अभिप्रायासाठी ते आमच्याकडं पाठवलं. मास्तर नेहमीसारखे सतरंजीवर. विलंबित संपलं. नुसता तानपुरा चालू. आणि एक बाई अगदी जवळून बोलली.

"अहो, गुडघे दुखतील. खुर्चीवर बसा."

वकिलांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. "आईची आण, मी न्हाय!"

वकिलांनी तिथूनच पोरीला फोन लावला. "बाळ, रेकॉर्डिंगला कोण बाई बसल्या होत्या?"

"काका, आत मी आणि तबलजी. तिसरं कुणी नव्हतं. का हो?"

मास्तर भिंतीला धरून उठले. कोपऱ्यातली खुर्ची ओढली, तिच्यावर बसले, धोतर नीट केलं.

मी बटणावर बोट ठेवलं. "मास्तर, परत मागं घेऊ? आणखी एकदा ऐकताय?"

"नको," मास्तर म्हणाले. "द्रुत सुरू होतंय. मध्येच उठवलेलं तिला चालत नाही."