झाडूने नेलेले चार सेकंद

ऑफिसात तिला शंकासूर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण शंका काढण्याचाच तिला पगार मिळत होता. यंत्रांच्या पोटात जे प्रोग्राम बसवतात, ते आधी या ऑफिसात यायचे. इथे त्यांची काटछाट होऊन ते आटोपशीर आणि चपळ व्हायचे. काटछाटीनंतरचा प्रोग्राम मूळच्यासारखाच वागेल, याची हमी शंकासूर द्यायची. चाचण्या घेऊन नव्हे हं! चाचण्या घेऊन घेऊन किती घेणार? हजार, लाख? मग उरलेल्यांचं काय? ती गणिताने सिद्ध करायची, एकदाच आणि सगळ्यांसाठी.

तिची एक रीत होती. नेमका आकडा धरून बसायचं नाही, तो कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो एवढंच धरायचं. काय बघायचं ते आधी ठरवायचं आणि बाकीचं खुशाल सोडून द्यायचं. पण जे धरलं, ते काहीही झालं तरी खोटं ठरता कामा नये. ही खोड तिच्या जिभेलाही लागली होती. आई विचारायची, "किती वाजता येशील?"

"सहा ते नऊच्या मधे."

"अगं, म्हणजे कधी?"

"ते नाही सांगता येणार. पण नऊच्या पुढे नाही, हे पक्कं."

आईने कपाळाला हात लावायचा, हे रोजचंच.

आठ वर्षांपूर्वी तिने स्वतः एक काटछाट रचली होती. ज्या कामातून काहीच निष्पन्न होत नाही ते हुडकायचं आणि काढून टाकायचं. ऑफिसातल्या पोरांनी त्या काटछाटीला नाव दिलं 'झाडू'. झाडू फिरवल्यावरही प्रोग्रामच्या वागण्यात कधीच फरक पडत नाही, असं शंकासुराने सिद्ध केलं, आणि साहेबांनी त्या सिद्धतेचं पहिलं पान चौकट करून भिंतीवर लावलं. इतकं असूनही बाईंचा जीव म्हणून थाऱ्यावर नसे. कुठल्याही प्रोग्रामवर सही केली की दोन दिवस नुसती चुळबुळ. बसली की उठायची, उठली की पुन्हा पानं चाळायची. सापडायचं मात्र काही नाही.

त्या मंगळवारी तिने गुडघ्याच्या व्यायामाच्या यंत्राच्या नव्या प्रोग्रामवर सही केली. तो बुधवारी संध्याकाळी यंत्रवाल्यांकडे जायचा होता आणि गुरुवारपासून सगळ्या व्यायाम केंद्रांत बसायचा होता. योगायोग असा, की त्याच यंत्रात रोज दुपारी तिच्या आईचा ऑपरेशन झालेला गुडघा ठेवला जायचा. ने-आण धाकटा भाऊ करायचा. बुधवारी त्याला ताप भरला आणि बाईंना जावं लागलं. आठ वर्षं यंत्रांचे प्रोग्राम तपासणाऱ्या या बाईने यंत्र डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा! आता याला काय म्हणावं?

यंत्राने आईचा पाय सावकाश वाकवला आणि ते थांबलं. बाई लगेच खुर्चीतून उठल्या.

"अडकलं का हो हे?"

"अडकलं नाही," व्यायाम करून घेणारी मुलगी हसली. "चार सेकंद थांबतं. तेवढ्यात आखडलेला स्नायू सैल पडतो. न थांबता उलटं ओढलं तर पेशंट किंचाळेल, टाकेही उसवतील."

"गुणाचं आहे गं," आई म्हणाली. "तुझ्यापेक्षा दम आहे त्याला."

बाई हसल्या नाहीत. यंत्रात अजून जुनाच प्रोग्राम होता; नवा त्यांनी ओळ न् ओळ वाचला होता, आणि चार सेकंद कुठे लिहिल्याचं काही केल्या आठवेना. मनात पाल चुकचुकली. आईला घरी सोडून, पाणीसुद्धा न पिता, त्या तशाच ऑफिसात आल्या.

चार सेकंद सापडले. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याने थांबण्यासाठी एक रिकामी फेरी घातली होती. मोठा आकडा घ्यायचा, एकेक कमी करत शून्यावर यायचं, बाकी काही करायचं नाही. नव्या प्रोग्राममध्ये ती फेरीच नव्हती. झाडूने नेली होती, आणि अगदी नियमाने नेली होती. त्या फेरीतून काही निष्पन्नच होत नव्हतं ना!

मग सिद्धतेने हे कसं पकडलं नाही? बाईंनी चौकटीतल्या पानाच्या पुढची पानं काढली. दुसऱ्याच पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: उत्तरं बघायची, त्यांचा क्रम बघायचा, वेळ बघायचा नाही. वेळ धरला की सिद्धता पुरी होत नव्हती. महिनाभर नाकी नऊ आले, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला होता आणि नंतर साफ विसरल्या होत्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पान हातात धरवेना.

साहेब म्हणाले, "म्हणजे सिद्धता चुकली?"

"नाही हो! बरोबर आहे, म्हणून तर माझं धाबं दणाणलंय. कितीही वेळा तपासली तरी तिच्यात काही सापडणार नाही."

"बरं, सही मागे घे. संध्याकाळचं पाठवणं मी थांबवतो. झालं?"

"कुठलं झालं? झाडू आठ वर्षं फिरतोय."

साहेबांनी पेन उचललं. "किती यंत्रांत?"

"दहा ते चौदाच्या मधे."

"अगं बाई, आज तरी नेमकं सांग!"

अकरा निघाली. साहेब म्हणाले, सगळ्यांना एक पत्र टाकू, 'एक मर्यादा लक्षात आली आहे' असं गुळमुळीत. बाई उसळल्या. "मर्यादा कसली? मी बघायचं सोडलं, असं लिहा." आणि पत्राची वाट न बघता त्यांनी फोन ओढला.

पहिल्या तिघांच्या यंत्रांत थांबण्याचा संबंधच नव्हता. चौथे होते कान तपासायचं यंत्र करणारे.

"तुमचं यंत्र मधे कुठे मुद्दाम थांबतं का हो?"

"थांबतं की. आवाज वाजल्यावर माणसाला बटण दाबायला वेळ नको?" पलीकडच्या माणसाने आवाज खाली आणला. "का हो बाई? तरुण पोरं पटापट पास होतात. पण दोन वर्षांपूर्वी एका बस ड्रायव्हरची तक्रार आली होती. म्हणायचा, ऐकू येतं, पण बोट खाली जाईपर्यंत पुढचा आवाज वाजतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तुमचा कागद दाखवला. म्हटलं, प्रोग्राम गणिताने सिद्ध झालेला आहे, दोष तुमच्या कानात आहे. गेली बिचाऱ्याची नोकरी."

 बाईंनी ड्रायव्हरचा नंबर मागून घेतला. साहेब म्हणत होते, आधी वकिलाला विचारू या. बाईंनी नंबर फिरवलासुद्धा.

ड्रायव्हरने फोन उचलला. आपण कोण, काय केलं, कुठला वेळ बघायचा सोडला, सगळं बाईंनी इतकं पुटपुटत सांगितलं, की दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या साहेबांनाही कळलं नाही. 

"माफ करा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येतंय ना? मोठ्याने बोलू का?"

"नको, ताई," तो म्हणाला. "शब्द न् शब्द ऐकू येतोय. दोन वर्षं मी सगळ्यांना तेच सांगतोय."