शंभराखालचा ठिपका

आमच्या आप्पांना बेरीज येत नाही, असं एकदा भर स्टाफरूममध्ये जाहीर झालं. आप्पा गणिताचे मास्तर होते, त्यामुळे ही बातमी शाळाभर पसरायला मधली सुट्टीसुद्धा लागली नाही.

आप्पा म्हणजे सेतुमाधवराव. मूळचे तंजावरचे, नोकरीसाठी मद्रासला आले आणि एग्मोर स्टेशनच्या मागच्या शाळेत रमले. बंद गळ्याचा कोट, कपाळावर अंगारा-अक्षता आणि खडूने कायमची पांढरी झालेली बोटं. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचे आणि ते नीट जुळलं की स्वतःच खूश होऊन मागे सरकून बघत राहायचे. मी त्यांच्याच वर्गात होते. शाळेत 'सार' म्हणायचं आणि घरी 'आप्पा', असा माझ्या आईचा, अंबुजाबाईंचा, कडक नियम होता. मी दोन्हीकडे घोटाळा करायचे.

असा हा मोकळ्या मनाचा माणूस मार्क देताना मात्र घाबरायचा. कौतुक केलं की मुलाला दृष्ट लागते, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. बाळ गोजिरवाणं असलं की आपण त्याच्या गालाला काजळाची तीट लावतोच. मद्रासमध्ये तर नव्या घरालासुद्धा राक्षसाचं तोंड रंगवलेला कोहळा टांगतात. आप्पांनी हीच रीत पेपरांना लावली. एखाद्याचा पेपर फारच चांगला उतरला, की ते प्रत्येक उत्तरापुढे खरे मार्क द्यायचे आणि वर एकूण लिहिताना तीस-चाळीस गाळून टाकायचे. जितका पेपर चांगला, तितकी काट मोठी. कनका ही आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिला बिचारीला कधी साठाच्या वर जाताच आलं नाही. मालोजीला मात्र बहात्तर पडले की अगदी बहात्तरच मिळायचे. त्याच्या बहात्तरांना कोण दृष्ट लावणार!

बेरीज आम्हालाही येत होती. पण अक्षराचे कापले असतील, खाडाखोडीचे कापले असतील, असं म्हणून कोणी सारांना विचारायला जात नसे. शिवाय त्या होत्या महिन्याच्या चाचण्या. त्यांचे मार्क पुढे कुठेच धरत नसत. वर्षाच्या शेवटची परीक्षा तेवढी खरी, आणि तिचे पेपर दुसरे मास्तर तपासायचे. म्हणून आप्पांची काटछाट कित्येक वर्षं निर्धास्त चालली.

मी फोर्थ फॉर्मला, म्हणजे नववीत असताना, १९५८ साली, परीक्षा तोंडावर आल्या आणि शाळेच्या कमिटीने नियम बदलला. एकाच परीक्षेवरून मुलाची पारख करू नये, वर्षभराची प्रगती बघावी, असं ठरलं. पुढच्या वर्षीच्या बीजगणित-भूमितीच्या खास विषयासाठी मुलांची निवड महिन्याच्या चाचण्यांवरून व्हायची. सरासरी सत्तराच्या आत असेल त्याला तो मिळणार नाही. आप्पांना हा नियम इतका आवडला, की मीटिंगमध्ये सगळ्यांच्या आधी त्यांनीच हात वर केला. घरी येऊन रसमभात कालवता कालवता त्यांनी मला तो समजावूनही दिला. बोलता बोलता एकदम थांबले. घास हातातच राहिला.

"अय्यो," एवढंच म्हणाले.

माझी सरासरी होती पंचावन्न. मला तो विषय हवा होता. तो नसेल तर कॉलेजात गणित मिळणार नव्हतं, आणि गणित सोडून दुसरं काही शिकावं असं मला कधी वाटलंच नव्हतं. हेडमास्तर राममूर्तींनी निवडलेल्यांची नावं काढली तेव्हा सगळ्यात वर मालोजी! तो रडवेला होऊन आप्पांकडे आला. "सार, मजला तिथे घालू नका हो. मजला हिस्टरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्टाफरूममध्ये उभं राहून सगळं खरं खरं सांगून टाकलं. दृष्टीचं, तिटेचं, गाळलेल्या मार्कांचं. मग फिजिक्सच्या त्रिपुरसुंदरी टीचर डोळे पुसत, हसत म्हणाल्या, "मग सरळ सांगा ना सार, तुम्हाला बेरीज येत नाही!"

राममूर्तीही हसले. मुलांनी घरून जुने पेपर आणावेत आणि त्रिपुरसुंदरी टीचरांनी नव्याने बेरजा कराव्यात, असं त्यांनी ठरवलं.

"वसंताचे सोडून," आप्पा म्हणाले. "मीच मास्तर, मीच बाप. तिचे मार्क वाढले तर मी उद्या वर्गात कोणत्या तोंडानं उभा राहू?"

घरी येऊन मी ढसाढसा रडले. आप्पांनाही वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं, आणि त्यामुळे मला जास्तच राग येत होता. आई चुलीपाशी होती, तिथूनच कडाडली.

"दुसऱ्यांच्या लेकरांची दिष्ट काढलांत, बरें केलांत. माझ्या लेकीनं काय पाप केलंय? पोदुम! पुरे झालें तुमचं शहाणपण!"

दुसऱ्या दिवशी वर्गात पेपरांची जत्राच भरली. कोणाच्या पेपराला खोबरेल तेलाचा वास, कोणाच्या पेपरात मोगरा बांधलेला, कोणी उकाड्यात त्याचा पंखा केलेला. कनकाचे तेवढे कोरे करकरीत. माझे मोजायचेच नव्हते, शिवाय घरात शोधून कुठे सापडलेही नव्हते, म्हणून मी खाली मान घालून बसले होते. तेवढ्यात दारात नऊवारी दिसली. आमची आई! तिने त्या दिवसापर्यंत शाळेचं फाटकसुद्धा ओलांडलं नव्हतं. ती सरळ त्रिपुरसुंदरी टीचरांपुढे गेली आणि पिशवीतून हळदीने पिवळे झालेले कागद काढले. लोणच्याच्या बरण्यांखाली तिने माझे सगळे पेपर अंथरले होते.

"हे माझ्या मुलीचे. तुम्हीच बेरीज करा, बाई. ह्यांच्या हातीं देऊ नका."

सगळा वर्ग खो खो हसला. मागे उभे असलेले राममूर्ती म्हणाले, "बेरीज टीचर करणार, बाप नव्हे. मग हरकत कसली?" आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं, पण त्यांचे कान लालबुंद झालेले मला दिसले.

कनकाची सरासरी सत्त्याण्णव निघाली. माझी अठ्ठ्याऐंशी. एक गणित आंब्याच्या लोणच्याने खाऊन टाकलं होतं, ते टीचरांनी धरलं नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही, मी आनंदाने नुसती नाचत होते. आता इतकी मुलं पुढे आल्यावर मालोजीला आपण होऊन नाव काढून घेता आलं आणि त्याने सुटलो म्हणून वर्गाला चिक्की वाटली.

त्यानंतर आप्पा खरे मार्क द्यायला लागले. पहिले शंभर कनकाला. शंभर लिहून झाले तरी त्यांचं पेन कागदावरून उचलेना. शेवटी त्या शंभराखाली त्यांनी शाईचा एक टपोरा काळा ठिपका दिला. तेव्हा कुठे त्यांचा जीव शांत झाला. पुढे त्या ठिपक्याचं शाळेला वेडच लागलं. किती मार्क पडले हे कोणी विचारीना, "ठिपका?" एवढंच विचारायचे. मला दोन वर्षांत तो एकदाही मिळाला नाही. माझ्या पेपरात आप्पा कुठूनतरी अर्ध्या मार्काची चूक शोधून काढायचे, आणि ती चूक खरीच असायची. मी चिडायचे, भांडायचे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जिद्दीने बसायचे.

मग एस.एस.एल.सी.चा, म्हणजे मॅट्रिकचा, निकाल लागला आणि मार्कांचं बुक हातात आलं. हे पेपर आप्पांनी तपासलेले नव्हते. गणितात शंभर.

आप्पांनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा पाहिला आणि खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

"आप्पा! सरकारी बुक आहे!" मी ओरडले.

पेन तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांनी पेनाचं टोक आपल्या बोटाला टेकवलं, माझी हनुवटी धरली आणि ते बोट माझ्या गालाला लावलं.

"दिष्ट नको लागू माझ्या कण्णूला," म्हणाले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

बुक घरीच ठेवून मी तशीच कनकाकडे पळाले. तिने दार उघडलं, माझ्या गालाकडे पाहिलं आणि आत वळून सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडली, "अम्मा, वसंताला शंभर!"