कांबळे सरांच्या नावावरचा जाळ

आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख प्रा. धम्मपाल कांबळे सर यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या संशोधनावर प्राध्यापक मंडळी लिहितीलच. माझ्यासारख्या प्रयोगशाळा परिचरानंही लिहावं, हा गौरव अंकाच्या संपादक मंडळाचा हट्ट. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

सरांची पहिली भेट आठवली की आजही हसू येतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मला रोजंदारीवर येऊन आठवडाही झाला नव्हता. केराची टोपली घेऊन मागच्या अंगाला निघालो, तर सायकलवरून उतरलेले एक गृहस्थ आडवे आले आणि त्यांनी टोपलीत थेट हातच घातला. मी म्हणालो, "पावणं, केर हाय त्यो. सोनं न्हाय!" ते नुसते हसले. मागून दुसरा शिपाई डोळे वटारायला लागला, तेव्हा कळलं की हेच आपले साहेब. मेलोच की! पण सरांनी विचारलं, "तुम्ही नवीन का?" आम्हा शिपायांना अहोजाहो करणारे कॉलेजात तेव्हा ते एकटेच होते.

सर मूळचे हुपरीचे. त्यांच्या आई चांदीच्या कारखान्यात झाडलोट करायच्या. तिथला केर कुणी टाकत नाही, साठवून धुऊन-गाळून त्यातली चांदी काढतात. "आमच्या घरची चूल त्या केरावर पेटली," असं सर भर वर्गात सांगायचे. कॉलेजात मात्र सगळा उलटा कारभार. वसतिगृहाच्या मेसचं खरकटं ओढ्याला जायचं आणि पाला, कागद, प्लॅस्टिक रोज संध्याकाळी पेटवलं जायचं. पेटवणारा मीच.

सरांनी मागच्या मोकळ्या जागेत मेसच्या खरकट्यासाठी खताचे खड्डे काढून घेतले, पाला मात्र मी पेटवतच राहिलो. मेसमध्ये उभं राहून ओलं-सुकं वेगळं करायला शिकवलं. रविवारचा मटणाचा रस्सा खड्ड्यात पडलेला दिसला, की स्वयंपाकाच्या मावशींना म्हणायचे, "मावशी, हा पोरांच्या पोटात जाऊ द्या की, खड्ड्याला पचत न्हाय!" रिकाम्या वर्गातले पंखे बंद करत फिरायचे, वीज म्हणजे कुठंतरी कोळसा जळतोय, असं त्यांचं म्हणणं. माघारी काही लोक त्यांना 'कचरा सर' म्हणत. त्या चेष्टेत जातीचा डंख होता. आम्हाला कळत होता, तर सरांना कळत नसेल का? पण त्यांनी काम थांबवलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉलेजात तपासणी समिती येणार होती. सर मला म्हणाले, "मारुतराव, यंदाची पानगळ सगळी साठवा." मी खोलीएवढा ढीग लावला. समिती यायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांचा हुकूम आला, उद्या आवार लख्ख दिसलं पाहिजे. झालं! पाहुणे येणार म्हटल्यावर मी वर्षानुवर्षं जे करत आलो, तेच केलं. संध्याकाळी काडी ओढली आणि राखसुद्धा झाडून एका कडेला लावली.

सकाळी सर त्या जागी येऊन उभे राहिले. मला कायम करण्याची फाईल त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर होती. म्हणालो, "सर, साफ करायला गेलतो. चुकलं." सर म्हणाले, "काय केलंत हे, मारुतराव!" आणि पाठ फिरवून निघून गेले. इतकं दुखावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

समिती आली. सरांनी त्यांना आधी राखेपाशीच नेलं. म्हणाले, "काल इथं खतासाठी साठवलेला पाला होता. आम्हीच जाळला. आजवर असंच जाळत आलो." समिती गेल्यावर प्राचार्य कडाडले, "कुणी पेटवला? नाव द्या, आजच्या आज घरी बसवतो!" मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा. सर शांतपणे म्हणाले, "माझं लिहा. पाला साठवा एवढंच मी सांगितलं, कशासाठी ते सांगितलंच नाही. चूक शिकवणाऱ्याची." आणि तसं लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खड्ड्यापाशी नेलं. "आत हात घाला." हात घातला तर आत चांगलंच गरम! "आयला, काडी कुणी लावली?" माझ्या तोंडून निघून गेलं. सर खळखळून हसले. मग तासभर उकिडवे बसून त्यांनी मला सगळं समजावलं: पाला कुजताना कसा तापतो, त्याचं खत कसं होतं आणि तोच जाळला की हवेत काय जातं. त्यानंतर माझ्या हातून काडी ओढली गेली नाही.

महिन्याभरात मी कायम झालो. सरांचं उपप्राचार्यपद मात्र त्या कागदामुळं हुकलं. कॉलेजात आजही लोक म्हणतात, पर्यावरण शिकवणाऱ्या कांबळ्यांनीच पाला जाळला. ते ऐकून मी गप्प राहिलो. आधी नोकरीच्या भीतीनं, नंतर लाजेनं. हे लिहितोय म्हणून परवा सरांना सांगितलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की मारुतराव, जुनं झालं आता."

नाही सर. आपण शंभरी गाठावी, डोळे, गुडघे शेवटपर्यंत धडधाकट राहावेत, हे मी रोज मागतो. पण एवढी एक गोष्ट आपली मी ऐकणार नाही. तो पाला मी जाळला होता.

— मारुती दत्तू चौगुले, प्रयोगशाळा परिचर