कुंकवाच्या मेणाचा रणगाडा

आमच्या घराण्यात आजवर एकच रणगाडा होऊन गेला, आणि तो आईनं गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातला होता.

हा रणगाडा माझ्या लग्नाच्या आड आला होता. आड म्हणजे अगदी आडवा! अलीकडे मी, अमरावतीच्या एका शाळेतला सायन्सचा मास्तर. पलीकडे अकोल्याची विमल. आणि मध्ये हा वीतभर लांबीचा, विलायती प्लास्टिकचा, सुट्या तुकड्यांतला गाडा. तो जोडला तर लग्न, नाही जोडला तर आईच्या भाषेत, "राह्य मंग असाच बोंबलत!" साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली ही गोष्ट. तेव्हा आमच्या आळीत प्लास्टिकची बादली आली तरी बाया बघायला जात.

झालं असं, की आई, बाबा आणि मी विमलला बघायला अकोल्याला गेलो. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. लोकांच्या बैठकीत तक्के-लोड असतात, यांच्या बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल! त्याच्यावर पिवळी चादर, चादरीखाली उशा खुपसून केलेल्या टेकड्या आणि त्या टेकड्यांवर बोटभर उंचीचे ट्रक, तोफा, रणगाडे. सुभेदारांचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता. तो विलायतेहून सुट्या भागांची खोकी आणायचा. सुभेदार ते तुकडे जोडायचे, रंगवायचे, वर स्वतःच्या मनानं सुधारणा करायचे (एका ट्रकवर बाभळीच्या काड्यांचं मचाण होतं, त्यावर कापसाचा धूर!), आणि मग घरी येईल त्या माणसाला टेबलावर लढाईला उभं करायचे. गाडा एका डावात एक वीत पुढे न्यायचा. तोफ लागली की नाही, हे कवड्या टाकून ठरवायचं. दूधवाला म्हणे त्या घरी बाहेरच दूध ठेवून पळायचा.

विमल पोहे घेऊन आली. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या हाताकडे पाहत होती.

"कोपर," ती हळूच म्हणाली.

"आं?"

"कोपर उचला. मोटारसायकल हाय खाली."

माझ्या कोपराखाली सुभेदारांच्या पलटणीची एक मोटारसायकल स्वारासकट आडवी झाली होती. विमलनं ती उचलली, फुंकर मारली, परत टेकडीवर उभी केली आणि बाप बघायच्या आत आत निघून गेली. मी तिथंच गारद झालो. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी पोह्यांकडे बघून मनाशी ठरवून टाकलं.

सुभेदारांनी माझा पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. एकदम म्हणाले, "जवान, हातात हुनर आहे का काही?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "अवो, हुनर म्हंजे? कंदील म्हनू नका, स्टोव्ह म्हनू नका, सारं घरीच करते आमचा मनू! रेडिओ तं त्यानं पुरा खोलला होता!"

(खोलला होता, हे खरं. बाबा अजून त्या खोक्यावर चष्मा ठेवतात.)

सुभेदारांचे डोळे चमकले. त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हा गाडा जोडून आण. सजवून आण. पुढच्या ऐतवारी इथी मैदानात उतरव. लढाई होईल. मंग सांगतो, पोरगी देतो का नाही ते."

बाबा वकील. त्यांना राहवलं नाही. "पण सुभेदारसाहेब, विवाहाच्या बाबतीत अशी अट कायद्यानं..."

आईनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला आणि कायदा तिथंच संपला.

घरी येऊन खोकं उघडलं, तर आत काड्यांना लटकलेले शेकड्यांनी तुकडे. चाकं, साखळ्या, झाकणं, आणि काही असे, की ते कशाचे हे देवालाही सांगता येऊ नये. सोबत इंग्रजीत एक कागद. तो बाबांनी ताब्यात घेतला आणि झोपाळ्यावर बसून खरेदीखत वाचावं तसा वाचायला लागले.

"यात 'डावीकडचं चाक' लिहिलं आहे. डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे? गाड्याच्या का बघणाऱ्याच्या? फार ढिला मसुदा आहे."

"बाबा, चाक लावू का नको?"

"माझ्या मते तहकूब ठेव."

चाकं तहकूब राहिली, कारण खरी पंचाईत पुढेच होती. खोक्यातली डिंकाची नळी जहाजात, आगगाडीत आणि वऱ्हाडच्या उन्हात वाळून खडू झाली होती. मग मी बाभळीचा डिंक लावला. तुकडे सुटले. पतंगाची खळ लावली. तुकडे सुटलेच, वर झुरळं आली. गुरुवार उजाडला तरी माझा रणगाडा ताटात शेवचिवड्यासारखा पसरलेला! माझा चेहरा पाहून आईला दया आली. ती देवघरातून आपली कुंकवाची पेटी घेऊन आली.

"हे मेन लाव."

"आई, ते कपाळाला लावायचं मेण आहे."

"मंग? दिवसभर चुलीपुढे बसते मी. कधी पडलं माह्यं कुंकू?"

लावून पाहिलं. काय सांगू! चाक जे बसलं, ते बसलंच. साखळी बसली, झाकण बसलं, तोफ बसली. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारलेलं, खोली गार, आणि माझ्या हाताखाली रणगाडा उभा राहत होता! मेण उन्हानं वितळतं, हे मी त्याच साली सातवीच्या मुलांना तोंडपाठ करून घेतलं होतं. न आलेल्यांना बाकावर उभं केलं होतं. पण तो अभ्यासक्रम होता हो, आणि हे लग्न होतं!

मग सजावट सुरू झाली. भिंतीला लावायची पिवडी डिंकाच्या पाण्यात कालवून मी वाळवंटी रंग दिला. बाबांच्या पक्षकारानं भातकुलीहून काळी माती आणून दिली, ती चाकांना चिखल म्हणून फासली. खऱ्या रणगाड्यावर वाळूची पोती असतात, असं मी कुठंसं वाचलं होतं. आईनं बाबांच्या जुन्या धोतराची नखाएवढी पोती शिवली आणि वाळू सापडेना म्हणून त्यात रवा भरला. शेवटी तिनं तोफेला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिबा आणि हिरवी मिरची बांधली.

"आई, मिरची तोफेपेक्षा लांब आहे!"

"असू दे. गाडी म्हटली का नजर लागते."

शनिवारी सकाळी मी शाळेत कसल्याशा मीटिंगला गेलो. रंग अजून ओला दिसतोय, म्हणून आईनं मोठ्या मायेनं रणगाडा गच्चीवर नेला आणि कुरडयांच्या रांगेत ठेवला. अमरावतीचा मे महिना! मी परत आलो तेव्हा बाबा जिन्यात उभे होते.

"मनू, घाबरू नकोस. पण गाड्यानं जागा सोडली आहे."

वर जाऊन पाहतो तो झाकण एकीकडे, चाकं दुसरीकडे, एक साखळी कुरडईत गुंतलेली, आणि तोफ शेंड्याशी वाकून पार खाली गेलेली. मिरची तेवढी टवटवीत होती. मी कपाळावर हात मारून तिथंच बसलो. डोळ्यांपुढं विमल आली, आणि तिच्या मागे बाभळीच्या मचाणावर बसलेला कोणी दुसराच जावई.

"रडतं कायले? पुन्ना लाव नं," आई म्हणाली. "मेन हाय अजून."

रात्री पुन्हा लावलं. तोफ गरम पाण्यात धरून सरळ केली. पण रविवारी भर दुपारी बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत हा मेणाचा संसार न्यायचा कसा? इथं अखेर माझं सायन्स कामी आलं. पाणी उडून जाताना गारवा देतं! मी कोरा माठ आणला, बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं, आत ओल्या टॉवेलची गादी केली आणि तिच्यावर रणगाडा निजवला. माठ मांडीवर घेऊन मी आई-बाबांसोबत आगगाडीच्या डब्यात बसलो.

मूर्तिजापूरला एक फेटेवाले आजोबा चढले. घामानं निथळत होते. माठ बघून त्यांचा जीव हरखला.

"भाऊ, गलासभर पानी दे बरं."

"पाणी नाही, आजोबा."

"मंग मटक्यात काय हाय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "रणगाडा."

सारा डबा माठाकडे वळला. मग पलीकडच्या बाकावरची बाई म्हणाली, "पाहा वं माय! पान्याले नाही म्हनाची लाज वाटते, तं कायबी बोलून राहिला!"

"मास्तर दिसते," दुसरा म्हणाला. "शिकलेले लोक असेच रायतात."

"बापूसाहेब, म्हाताऱ्या मानसाले पानी नाही देत?" तिसऱ्यानं मला टोमणा मारला.

आई उठून उभी राहिली. "अवो, खरंच गाडा हाय! पोराचं लग्न हाय त्याच्यावर!"

"मटक्यावर?"

बाबा म्हणाले, "मी वकील आहे, मी सांगतो..." त्यानंतर आमच्यावर कोणी विश्वास ठेवायचा प्रश्नच उरला नाही. आजोबांनी सरळ आपला पितळी गडू माठात घातला आणि वर काढला. त्यात पाणी नव्हतं. रणगाड्याचं तोफेसकट झाकण होतं, आणि लोंबणारी मिरची. आजोबांनी गडूत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, झाकण अलगद परत ठेवलं आणि अकोल्यापर्यंत रामनाम घेत बसले.

सुभेदारांच्या घरी मी माठातून रणगाडा काढला. ओल्या टॉवेलानं पिवडीचे ओघळ आले होते. गाडा कावीळ उतरत असल्यासारखा दिसत होता. झाकण मी वाटेत परत दाबून बसवलं होतं. सुभेदारांनी तो चौफेर पाहिला, मिरची बोटानं हलवून पाहिली. विमल आतल्या दारात उभी होती.

"हमला!" सुभेदार गरजले.

लढाई सुरू झाली. पंखा बंद, कारण वाऱ्यानं कापसाचा धूर उडायचा. टेबलावरच्या दिव्याखाली भट्टी पेटलेली. मी पहिली वीत पुढे सरकलो. दुसऱ्या वितीला डावं चाक मागेच राहिलं. मी ते खिशात टाकलं. तिसरीला साखळी लांबली. आणि मग, सगळ्यांच्या देखत, माझी तोफ हळूहळू, फार अदबीनं, खाली वाकायला लागली.

"जवान," सुभेदार म्हणाले, "तोफ खाली काहून चालली?"

"ते... नेम धरून राहिली."

"जमिनीवर?"

आईनं बाजी सांभाळली. "अवो, मोठ्यांच्या पाया पडून राहिली ती! आमच्या घरचं वळनच हाय तसं!"

आणि नमस्कार पुरा झाला. तोफ गळून पडली. मागोमाग झाकण घसरलं, मेण चादरीवर उतरलं, रव्याची पोती फुटली, आणि कुठं दडल्या होत्या कोण जाणे, मुंग्यांची रांगच्या रांग टेकडी ओलांडून माझ्या रणगाड्यावर चालून आली! सुभेदारांची एकही कवडी पडली नव्हती आणि माझं सैन्य खलास झालं होतं.

मी मान खाली घातली. बाबांनी टोपी उचलली. आई तर डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होती.

सुभेदार हसायला लागले. आधी मिशीत, मग पोटात, मग टेबलाला धरून. "शाबास!" ते डोळे पुसत म्हणाले. "जिंकलो! विमल, गूळ आन! पोरगा पसंत आहे!"

मला काही कळेना. विमल गुळाची वाटी घेऊन आली, तेव्हा मी हळूच विचारलं, "हे कसं काय?"

"तुमच्या आंधी आलेल्यांनी काय सुरेख गाडे जोडले होते," ती म्हणाली. "पन सारे जिंकले. आमच्या बाबांना जावई नाही, हरनारा पाह्यजे होता."

"आणि तुमचं काय?"

"माह्यं तं तुमी कडेवर मटका घेऊन टांग्यातून उतरले, तवाच ठरलं." आणि ती तोंडावर पदर घेऊन आत पळाली. मी इतका खूश झालो, की हातातल्या गुळासोबत खिशातलं चाकही तोंडात टाकलं.

पुढे कित्येक वर्षं मी दर उन्हाळ्यात अकोल्याला जाऊन हरत आलो. सासऱ्यांचं वय, त्यांचा आनंद, विमलचा संसार, सगळ्याचा विचार करून मन मोठं करून हरत आलो. शाळेत सहकाऱ्यांना सांगायचो, "जिंकता येतं हो मला, पण म्हातारा खूश होतो!" एका वर्षी मात्र त्यांनी चारचौघांत माझी फारच टर उडवली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज दाखवतोच! नवी विलायती डिंकाची नळी, लोखंडासारखा पक्का गाडा, वहीत आखलेले डावपेच. पंखासुद्धा लावायला लावला. जीव तोडून लढलो.

नेहमीपेक्षा लवकर हरलो.