बाजारातला मुका

दुपारी वसईजवळच्या पापडी गावच्या वाड्यांमधून रेडिओवरचा माझ्या मित्राचा आवाज केळीच्या पानांवरून तरंगत यायचा. "श्रोतेहो, आता ऐका भावगीतं," तो म्हणायचा आणि विहिरीवरचा रहाटसुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं. रेडिओवाला म्हणजे पैशांत लोळत असणार, असं सगळे धरून चालत. खरं तर तो रेडिओ केंद्रावर कायम नोकरीला नव्हता. महिन्यातून सहा दिवस बोलावणं यायचं आणि तेवढ्याच दिवसांचे पैसे.

म्हणून वसईच्या बाजारात तो मुका व्हायचा. नुसतं बोट दाखवायचा, मान हलवायचा. आवाज ओळखला की भाव चढतो, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

एकदा मी सोबत होतो. मोतीबिंदू झालेल्या कोळणीला त्याचं बोट दिसेना. शेवटी तो हळूच म्हणाला, "मावशी, बोंबलांचा एक वाटा द्या."

ती थबकली. "रेडिओवर बोलतो तो तूच ना रं?" आणि तिनं दुप्पट भाव सांगितला.

मी घासाघीस करायला पुढे झालो, तर त्यानं माझा हात दाबला. पैसे मोजले आणि दुपारच्या त्याच आवाजात म्हणाला, "धन्यवाद."

बसपुरतेही उरले नाहीत. चालता चालता मी चिडलो, तसा तो म्हणाला, "अरे, उद्या दुपारी माझी पाळी आहे, ती ऐकत बसेल. तेव्हा तिला माझी घासाघीस आठवायला नको."